सोयरे कोण आणि भावकी कोण?

तुकोबांच्या ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ या अभंगातल्या ‘सोयरीं’चा अर्थ नुसता ‘नातेवाईक’ असा घ्यायचा का, असा प्रश्न पडतो. अर्थ चूक नाही, पण तोकडा आहे.

बोलीत चुलते, चुलतभाऊ यांना कुणी सोयरे म्हणत नाही. ती भावकी. ज्या घरची मुलगी आणली किंवा ज्या घरात आपली दिली, ते सोयरे: व्याही, जावई, मेहुणे, साडू, मामाचं घर. म्हणून सोयरीक जुळते आणि मोडतेही. भावकीत वाटण्या होतात, भांडणं होतात, पण भावकी ‘जुळली’ असं कुणी म्हणत नाही. तुकोबांनी झाडांना भाऊबंद न म्हणता सोयरे म्हटलं, ते मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. रक्ताचं नसलेलं नातं त्यांनी जोडून घेतलं.

माझ्या आजीच्या तोंडी हा फरक पक्का होता. लग्नात चुलतभाऊ पहिल्या पंगतीला बसला की ती त्याला उठवायची. ‘तू घरचा हायस, आदी सोयरं बसू दे.’ तो मुकाट उठून बुंदीची परात हातात घ्यायचा आणि त्याच्या जागी व्याही बसायचे.

सातारा-कोल्हापूरकडे आता याच अर्थानं ‘पाहुणे’ जास्त ऐकू येतं. ‘ते आमचं पाहुणं लागत्यात’ म्हणजे घरी आलेला अतिथी नव्हे, लग्नसंबंधातलं माणूस.

‘सगेसोयरे’ हा जोडशब्द मराठा आरक्षणाच्या संदर्भातल्या, २६ जानेवारी २०२४च्या राज्य सरकारच्या मसुदा अधिसूचनेमुळे सगळ्यांच्या तोंडी झाला. तिथल्या व्याख्येतही वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत जातीत झालेल्या लग्नांतून आलेले नातेवाईक धरले आहेत. म्हणजे शब्दाचा लग्नाशी असलेला धागा तिथेही सुटलेला नाही.

एक गल्लत मात्र टाळायला हवी. ‘त्याला कशाचं सोयरसुतक नाही’ यातल्या ‘सोयर’चा अर्थ सोयरे असा नाही. मूल जन्मल्यावर पाळतात ते सोयर, माणूस गेल्यावर पाळतात ते सुतक. आणि ही दोन्ही पूर्ण दहा दिवस पाळते ती भावकी, सोयरे नव्हेत.