मोटर सुरू झाली की मॉडबस तुटतो, मॉड्यूल बदलू का?

प्रश्न (अंबड एमआयडीसी)
पीएलसीच्या (मशीन चालवणारा कंट्रोलर) आरएस-485 मॉड्यूलवर (डेटाची तारांची लाइन) सहा ड्राइव्ह (मोटर चालवणारे) आणि दोन एनर्जी मीटर आहेत. सगळे मॉडबसने, म्हणजे या लाइनवरच्या ठरलेल्या भाषेत, बोलतात. सेटिंग: बॉड (डेटाचा वेग) 19200, इव्हन पॅरिटी, एक स्टॉप बिट. परवा लाइनच्या मध्ये सातवा ड्राइव्ह जोडला. मोटरी बंद असताना सगळे उत्तर देतात. मोटर फिरली की लाइनवरच्या पाचव्यापासून पुढचे टाइमआउट (वेळेत उत्तरच नाही). सप्लायर म्हणतो मॉड्यूल गेलं. मागवू का?

उत्तर १ (सातपूर)
थांबा, एवढ्यात मागवू नका. मॉड्यूल पूर्ण गेलं असतं तर मोटर बंद असतानाही कुणी बोललं नसतं.

सगळ्यांचा सप्लाय बंद करा आणि ए-बी या डेटाच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटरने ओहम बघा. दोन्ही टोकांना 120 ओहमचे टर्मिनेशन (लाइनच्या टोकाचा रेझिस्टर) असेल तर साधारण 60 यायला हवेत. 120 आले तर एकच लागलंय. 40 च्या आसपास आले तर तीन लागलेत, आणि मधल्या नव्या ड्राइव्हचा डिप स्विच (आतलं टर्मिनेशन जोडणारा छोटा स्विच) ऑन राहिलाय असं समजा. जादा रेझिस्टर सिग्नल खाली ओढतो. शांत लाइनवर तेवढ्यावर निभावतं, मोटरचा नॉइज आला की लांबचे आधी गळतात.

उत्तर २
वरच्या सरांशी सहमत, पण केबलही बघा. 485 ची जोडी मोटर केबलच्याच ट्रेमधून नेली असेल तर वेगळी काढा. क्रॉस करावीच लागली तर काटकोनात. नवा ड्राइव्ह फाटा काढून जोडलाय का? डेझी चेनच (एकातून पुढच्यात, अशी सलग साखळी) हवी.

दोनच तारा ओढल्या असतील तर तिसरी, कॉमनची तारही ओढा. रिसीव्हरला −7 ते +12 व्होल्टपर्यंतच कॉमन मोड (दोन्ही तारांवर सारखाच येणारा व्होल्टेज) चालतो. दोन पॅनेलच्या अर्थिंगमध्ये फरक असला की ही मर्यादा ओलांडते. शिल्ड (केबलवरची धातूची जाळी) मात्र कॉमन म्हणून वापरू नका.

आणि पावसाळ्यात टर्मिनलचे स्क्रू एकदा आवळून घ्या, हे कुणी करत नाही.

उत्तर ३ (सिन्नर)
नव्या ड्राइव्हचा पत्ता दुसऱ्या कुणाशी जुळत नाही ना? बरेच ड्राइव्ह कारखान्यातून 1 नंबर घेऊनच येतात. दोघांनी एकदम उत्तर दिलं की सीआरसी एरर (संदेश बिघडल्याची खूण) येतो.

एक्सेप्शन 02 (डिव्हाइसने परत पाठवलेला एरर कोड) आला तर वायरिंगला हात लावू नका. डिव्हाइस उत्तर देतोय, मागितलेलं रजिस्टर (डिव्हाइसमधला माहितीचा कप्पा) चुकलंय (रजिस्टर 40001 म्हणजे पाठवलेल्या संदेशात पत्ता 0). तुमच्याकडे टाइमआउट आहे, म्हणून रोख लाइनवरच. चाचणीपुरता बॉड 9600 करा, मॉड्यूलमध्ये आणि सगळ्या डिव्हाइसमध्येही. सुधारलं तर खात्री पटेल. टाइमआउट वाढवून भागवू नका, त्याने दुखणं लपतं.

प्रश्नकर्ता
41 ओहम आले. नव्या ड्राइव्हचा स्विच ऑन होता, ऑफ केल्यावर 60. पाचवा-सहावा आता चालू मोटरवरही येतात. शेवटचा मीटर मात्र अधूनमधून सुटतो.

उत्तर २
तो दुसऱ्या पॅनेलमध्ये असेल तर कॉमनची तार आधी ओढा.