सासूबाईंची गोधडी दहा इंचांत कशी बसवायची?

उदगीरची_सून
छत्रपती संभाजीनगरात बायकांनीच चालवलेली एक छोटी गॅलरी आहे. दिवाळीच्या आधी तिथं लहान कामांचं प्रदर्शन भरतं. चित्र, छापचित्र, मातीकाम, भरतकाम, विणकाम, काहीही चालतं. अट एकच, कुठलीच बाजू दहा इंचांपेक्षा मोठी नको. माझ्या मैत्रिणीनं सासूबाईंच्या गोधड्यांचे फोटो परस्पर पाठवून दिले आणि तिकडून होकार आला. तीन नग पाठवा म्हणायलेत.

आता पंचाईत ऐका. आमच्या सासूबाईंची सगळ्यात लहान गोधडी म्हणजे नातवाच्या पाळण्यातली, ती सुद्धा दोन हातांची. जुनी इरकल लुगडी, मामंजींची धोतरं, चोळ्यांतून उरलेले खणाचे तुकडे, हे त्यांचं भांडवल. ओसरीत कापडं एकावर एक अंथरायची, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि कडेनं टाका धरून फिरत फिरत मधी यायचं. पट्टी नाही, खडू नाही. ओळ वाकडी दिसली की तिथंच एक ठिगळ लावतात आणि पुढं जातात. त्यांना दहा इंच म्हणून दाखवलं तर म्हणाल्या, "वीतभर आणि वर एक बोट! एवढ्या गोधडीत निजायचं कुणी, मांजरानं?"

माझ्या डोक्यात असं आहे की एक जुनी, चांगली मऊ झालेली गोधडी कापून तिचे तीन चौकोन करावेत. फ्रेमला काच लावावी का? किंमत किती लिहावी? गॅलरी तीस टक्के घेणार आहे.

आणि एक गोष्ट खटकायलीय. फॉर्ममध्ये चित्र-शिल्पासाठी 'कलाकाराचे नाव' असा रकाना आहे आणि हस्तकलेसाठी 'गाव किंवा बचत गट'. सासूबाई कुठल्याच गटात नाहीत. मग काय लिहू, उदगीर? उदगीरनं टाके घातलेत का?

परभणी_फ्रेमवाला
ताई, कात्री आधी कपाटात ठेवा. गोधडीचा दोरा कडेपासून मधापर्यंत सलग गेलेला असतो. मधून कापली की चारी बाजूंनी टाके सुटायला लागतात. त्यातून कापायचीच वेळ आली तर आधी रेघेच्या दोन्ही बाजूंनी बारीक टीप घालावी लागते, आणि मग तो तुकडा तुकडाच दिसतो. गोधडीला कड असते, कोपरा असतो. कापलेल्याला ते कुठून आणणार?

नवीन लहानच शिवायला सांगा. पण त्याआधी गॅलरीला विचारा, दहा इंच हे फ्रेमसकट की फ्रेमशिवाय. बहुतेक लहान कामांच्या प्रदर्शनांत फ्रेमसकट धरतात. म्हणजे चारी बाजूंनी एकेक इंच फ्रेमला गेला तर गोधडी राहिली आठ इंचांची. टाके घालताना कापड आखडतं, म्हणून सुरुवात नऊच्या आसपास करावी. थर तीनच घ्या. नेहमीसारखे सात-आठ घेतले तर एवढ्याशा आकारात त्याची उशी होते आणि कोपरे वर येतात.

चिकटवायचं तर अजिबात नाही. गोंद वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडतो आणि कापड कडक होतं. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून घ्या, त्यावर गोधडी ठेवा आणि वरच्या कडेला जवळजवळ, बाकी तीन बाजूंना लांब लांब, मागून न दिसणारे टाके घाला. उद्या कुणाला काढायची झाली तर टाके उसवले की निघाली पाहिजे.

काच माझ्या मते नको. धंदा माझा काचेचाच आहे, तरी सांगतो. टाक्यानं कापडाला जी उठावदार नक्षी येते ती काचेमागं सपाट होते. धुळीची फार भीती वाटत असेल तर काच आणि कापड यांच्यात पाव इंचाची पट्टी घालून घ्या. कापड काचेला चिकटलं तर पावसाळ्यात आत ओल धरून बुरशी येते.

बीडकर
प्रश्न गोधडीचा आहे, ठीक. पण बायकांसाठी वेगळी गॅलरी हेच मला पटत नाही. काम चांगलं असेल तर कुठंही लागतं.

लातूरच्या_चित्रकला_बाई
बीडकर, असं असतं तर फार बरं झालं असतं. 1972 साली न्यूयॉर्कमध्ये वीस जणींनी मिळून ए.आय.आर. नावाची गॅलरी काढली, कारण बाकीच्या गॅलऱ्या बायकांची कामं फारशी घेत नव्हत्या. 1979 ला आपल्या चित्रकार नलिनी मलानी तिथं जाऊन आल्या. पुढं अर्पिता सिंग, माधवी पारेख, निलिमा शेख आणि त्या स्वतः, अशा चौघींनी 1987 ते 1989 या काळात आपल्याकडच्या वेगवेगळ्या शहरांत एकत्र प्रदर्शनं केली. आज या चौघी कुठल्या तोडीच्या आहेत ते तुम्हीच बघा. त्यांनाही आपली आपण जागा करावी लागली. असो, तुमच्याशी भांडत बसले तर सूनबाईंचं काम राहील.

सूनबाई, तुमचा खरा प्रश्न त्या रकान्याचा आहे, आणि तो तुम्ही सगळ्यात शेवटी विचारला. शाळेत असताना मी जिल्ह्याची कितीतरी प्रदर्शनं लावली. चित्राखाली मुलाचं नाव आणि शेजारच्या रुखवताच्या टेबलावर नुसतं 'हस्तकला विभाग'. ते रुखवत करणारी बाई तिथंच पदर खोचून उभी असायची. बायकांनी बायकांसाठी काढलेल्या गॅलरीतही तोच रकाना यावा याचा मला राग येतो.

त्यांना दोन उदाहरणं कळवा. अमेरिकेतल्या अलाबामात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या बायका शेतात घालून विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या, आपल्यासारख्याच, थंडीसाठी. 2002 मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, प्रत्येकीखाली शिवणारीचं नाव लिहून. नुसतं गावाचं नाही. दुसरं, फेथ रिंगगोल्ड. या चित्रकार बाई. 1980 साली त्यांनी पहिली गोधडी केली ती आईबरोबर. आई विली पोझी कपडे शिवणाऱ्या, आणि त्या कामावर नाव दोघींचं आहे. तेव्हा 'हस्तकलेला नाव नसतं' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. रकाना खोडा, वर पेनानं 'कलाकाराचे नाव' लिहा आणि सासूबाईंचं पूर्ण नाव घाला. फॉर्म परत आला तर परत पाठवा.

नावाखालच्या चिठ्ठीत 'जुने कापड' एवढंच लिहू नका. 'इरकल लुगडं, धोतर, खण, सुती दोरा, हाताचे टाके' असं लिहा, आकार आणि वर्ष घाला. इरकलचा पदर वेगळा विणून जोडतात, लुगड्याच्या अंगाच्या आणि पदराच्या ताण्याचे, म्हणजे उभे, दोरे एकमेकांत अडकवून. जुन्या लुगड्यात ती जोडाची रेघ धड राहिलेली असेल तर एका नगात ती मधोमध येऊ द्या. मोठ्या गोधडीत ती हरवून जाते. आठ इंचांत मात्र नजर तिथंच जाईल. लहान कामाचा हाच फायदा आहे, माणूस जवळ येऊन बघतो.

एक काळजी. लाल पदराचा रंग सुटतो का ते आधी बघा. ओलं पांढरं फडकं पाच मिनिटं दाबून ठेवायचं. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा धोतराशेजारी घालू नका.

किमतीचं गणित बहुतेक बायका उलटं करतात. समजा एका नगाला वीस तास लागले आणि तासाला 75 रुपये धरले, तर झाले 1500. दोरा, चौकट, फ्रेम 450. नेण्या-आणण्याचे 150. एकूण 2100 तुमच्या हातात पडायला हवेत. आता त्यावर तीस टक्के चढवून 2730 लिहिले तर गॅलरी 2730 चे तीस टक्के कापणार आणि हातात येणार 1911. म्हणून 2100 ला 0.7 नं भागायचं, किंमत 3000. कापड घरचंच होतं म्हणून मजुरी सोडायची नाही. सासूबाईंच्या तासांना तुम्हीच मोल दिलं नाही तर गॅलरी कशाला देईल?

काम ताब्यात घेतल्याची लेखी पोच घ्या. तीन नग, प्रत्येकाची किंमत, विकल्यावर पैसे किती दिवसांत, खराब झालं तर भरपाई कोण देणार, सगळं त्यात आलं पाहिजे. ओळखीची माणसं आहेत म्हणून लाजू नका.

उदगीरची_सून
बाई, फ्रेमवाले दादा, लई उपकार. कात्री कपाटात ठेवली. गॅलरीला फोन केला, दहा इंच फ्रेमसकटच आहे.

सासूबाई एक नग शिवायलेत. पहिल्या दिवशी चिडचिड झाली, कारण नेहमीच्या अर्ध्या इंचाच्या अंतरानं आठ-नऊ फेऱ्यांतच मधी पोचल्या आणि "संपली की!" म्हणून बसल्या. मग स्वतःच उसवलं, बारीक दोरा मागितला आणि ओळी निम्म्या अंतरावर घेतल्या. सुई ओवायला नात लागते, ती शाळेतून यायची वाट बघतात, म्हणून काम संध्याकाळी चालतं. इरकलची ती जोडाची रेघ मी दाखवायला गेले तर मलाच म्हणाल्या, "मला काय दाखवायलीस, त्या जोडावर लुगडं आधी फाटतं म्हणून तर मी तिथं दुहेरी टाका घालते." चाळीस वर्षं जुन्या गोधड्या उलटून बघितल्या, खरंच प्रत्येकीत त्या रेघेवर दुहेरी टाका आहे.

नावाचं सांगितलं. त्यांचं म्हणणं, नाव घालायचं तर माहेरचं पण घाला, कारण टाका आईनं शिकवला, निलंग्याला. तेव्हा फॉर्मवर रकाना खोडून दोन्ही आडनावं लिहिलीत. गॅलरीतल्या ताई फोनवर आधी "बघते" म्हणाल्या, नंतर त्यांचाच मेसेज आला की यंदा सगळ्याच हस्तकलेच्या चिठ्ठ्यांवर नावं घालू, बाकीच्यांकडून मागवून घेतो.

तीन हजार ऐकून मात्र घरात शांतता पसरली. मग सासूबाईंनी विचारलं की हा आकडा एका नगाचा की तिन्हींचा. एकाचा म्हटल्यावर म्हणाल्या, दोन विकू, जोडाच्या रेघेवाला विकायचा नाही, नुसता बघायला ठेवा. असं चालतं का?

लातूरच्या_चित्रकला_बाई
चालतं. चिठ्ठीवर किमतीच्या जागी 'विक्रीसाठी नाही' लिहा आणि पोचेतही तसंच लिहून घ्या. तरी तिची किंमत मनाशी ठरवून विम्यासाठी गॅलरीला कळवा. हरवली तर 'विक्रीला नव्हतीच' म्हणून हात वर करायला नकोत.

परभणी_फ्रेमवाला
शिवून झाल्यावर चारी बाजू आणि दोन्ही कर्ण मोजून पाठवा. हाताचा चौकोन नेमका काटकोनात नसतो, मी फ्रेम त्या मापानं कापतो, गोधडी ओढून सरळ करू नका. मागं दोन बाजूंना कड्या लावून तार देतो, एका खिळ्यावर लहान फ्रेम तिरकी होत राहते.