हाउसहोल्ड : कुटुंब, बिऱ्हाड की चूल?

रानजाई : डंडीच्या ताग गिरण्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय. १८७१च्या स्कॉटिश खानेसुमारीतल्या एका नोंदीवर गाडी अडलीय. विधवा बाई 'हेड', दोन मुली गिरणीत, नऊ वर्षांचा मुलगा 'स्कॉलर', शिवाय एक 'लॉजर'. खिडकीवाल्या खोल्या : १. (हा रकाना तिथे १८६१पासून आहे.) या सगळ्यांना मिळून 'कुटुंब' म्हटलं तर संपादक विचारतात, लॉजर कुटुंबात कसा? 'बिऱ्हाड' चालेल?

बोरूबहाद्दर : बिऱ्हाड म्हणजे आज आहे, उद्या पाठीवर. आपल्या जनगणनेत 'कुटुंब'च लिहितात आणि तिथे नातं नाही, एकत्र स्वयंपाक बघतात. संपादकांना सांगा.

आडगावकर : आमचे आजोबा 'आमचं कुटुंब' म्हणायचे ते आजीला! 'चूल' लिहा की. भाऊ वेगळे झाले की आपण वेगळी चूलच म्हणतो.

रानजाई : चुलीशीच तर घोळ आहे. घरच्यांच्या पंगतीला जेवतो तो बोर्डर, नुसती जागा घेतो तो लॉजर, असं कागदावर. नोंदणारे मात्र सर्रास सरमिसळ करायचे. हा कुठे जेवत होता कुणास ठाऊक.

चिंचपोकळी : माझी आजी गिरणगावात खाणावळ चालवायची. पंधरा गडी, पाळीप्रमाणे जेवायला यायचे. भिंतीवर खिळ्यांना पंधरा डबे, प्रत्येकावर रंगाने आकडा. झोपायला सगळे पलीकडच्या चाळीत. चूल धरली तर ते आमचे, खोली धरली तर परके. आजीला विचारलं असतंत तर म्हणाली असती, 'पैसे वेळेवर देतो तो आपला.'

आडगावकर : 😄 'स्कॉलर'चं काय केलंत? विद्वान?

रानजाई : यंत्राने तेच दिलं होतं! 'शाळकरी' केलंय. शाळा सक्तीची करणारा कायदा १८७२चा, म्हणजे आईने हौसेने घातला असणार. डंडीत बायका गिरणीत आणि नवरे घरी असा प्रकार बराच होता. त्या नवऱ्यांना चेष्टेने 'केटल-बॉयलर' म्हणत, चहाचं आधण ठेवणारे. याला काय म्हणू?

बोरूबहाद्दर : घरकोंबडा.

चिंचपोकळी : नाही पटत. घरकोंबडा आपल्या मर्जीने घरात बसतो. तिथे पोरांना कमी मजुरीवर घ्यायचे आणि मोठ्या माणसाची मजुरी द्यायची वेळ आली की काढायचे. त्यांना कुठे हौस होती?

शुद्धमती : मुळात 'खानेसुमारी' का? 'जनगणना' असताना फारसी शब्द कशाला?

रानजाई : ताई, खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. इथे घरच मोजलंय, म्हणून मुद्दाम घेतला.

आडगावकर : अरे वा! म्हणजे खानावळीतला 'खाना'पण तोच? राहण्याचं घर?

बोरूबहाद्दर : काहीही! खाणे, त्यावरून खाणावळ. वर चिंचपोकळींनी 'ण' लिहिलाय तोच बरोबर.

आडगावकर : मग आमच्या कोपऱ्यावरच्या पाटीवर 'न' आहे तो? आणि कारखाना, दवाखाना, तुरुंगखाना?

शुद्धमती : तुरुंगखाना हा शब्दच नाही. तुरुंग किंवा बंदिखाना.

आडगावकर : बंदिखान्यातही 'खाना' आलाच की, ताई.