तपासणीचा शेरा हॉटेलच्या दारावर लावायची सक्ती हवी का?

घोडबंदरकर: काल नौपाड्यातल्या एका हॉटेलात मिसळ मागवली. पोऱ्याने शेजारचं टेबल ज्या फडक्याने पुसलं, त्यानेच माझा चमचा पुसून समोर ठेवला. गल्ल्यामागे गणपतीच्या फोटोशेजारी परवाना लटकलेला, १४ आकडी नंबर ठळक. त्यावरून काय कळतं? अर्ज केला, फी भरली, एवढंच. एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा माणूस शेवटचा कधी आला, त्याला काय सापडलं, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? तो शेरा तारखेसकट दारावर लावायची सक्ती करा.

पोळीभाजीवाली: माझा विरोध. मी मानपाड्याला डबे करते. शेरा दारावर लागणार म्हटलं की शेऱ्याचा भाव ठरणार. मोठं हॉटेल तो देईल, मी कुठून देऊ? आणि पाण्याचं काय? उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो. कुठल्या विहिरीवर भरला, देव जाणे. नमुना घेतील माझ्या पिंपातला, नाव खराब माझं. अस्वच्छतेला १ लाखापर्यंत दंड आहे, माहितीय ना?

घोडबंदरकर: ताई, पाण्याचं एकदम मान्य. पण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातच कलम ३२ आहे. सुधारणा नोटीस द्यायची, किमान १४ दिवसांची मुदत द्यायची. नोटीसही लावा, सुधारलं की तेही लावा. मला तर असं हॉटेल जास्त भरवशाचं वाटेल.

पोळीभाजीवाली: तुम्हाला वाटेल हो. बाकीचे ‘नोटीस’ वाचून पुढच्या दुकानात जातील.

जुना भटारी: दोघंही कागदावर भांडताय. मी वागळे इस्टेटमधल्या एका कँटीनमध्ये सहा वर्षं कढईवर होतो. तपासणीच्या दिवशी टोप्या, हातमोजे बाहेर निघायचे. त्याच मोज्याने कांदा, त्याच मोज्याने नोटा, मोबाइलही. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात पोलर घटक वाढतात; ते २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल टाकायचं, असा नियम आहे. टाकतो कोण? तळाचं काळं तेल तसंच ठेवून वर ताजं ओतायचं, बटाटेवडे सोडायचे. वरून सोनेरीच दिसतात. दारावरचा शेरा सहा महिन्यांपूर्वीचा असणार, कढई आजची. भटारखान्याला काच लावायची सक्ती करा, कागद राहू द्या.

जांभळीनाका: काच पटली. वाचायला न लागणारी खूण हवी. न खायचा बर्फ निळा करायचा, असा नियम २०१८ मध्ये आला, तसं काहीतरी. शेरा दहातले दोघं वाचतील, रंग पोरालाही कळतो.

पोळीभाजीवाली: गोळ्यावर काला खट्टा ओतल्यावर निळा बर्फ दिसला का कुणाला कधी? काच लावा, माझी हरकत नाही. माझा ओटा कुणीही येऊन बघावा. आणि शेरा लावायचाच असला, तर शेजारी टँकरवाल्याची पावतीही चिकटवणार, विहिरीच्या नावासकट.