लायबेरियातून शांतिसेना निघाली, तरी युद्ध परत का पेटलं नाही?

प्रश्न:
ऑगस्ट 2021 मध्ये परकी फौजा पुरत्या बाहेर पडायच्या आतच काबूल पडलं. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात 2003 मध्ये यादवी युद्ध संपल्यावर आलेली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना मार्च 2018 मध्ये निघाली आणि देश शाबूत राहिला. तिथे कामाचा क्रम काय होता?

उत्तर १:
आधी शस्त्रं गोळा केली, पण सुरुवातच फसली. डिसेंबर 2003 मध्ये राजधानी मोनरोवियाजवळच्या शेफेलिन छावणीत अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लढवय्ये येऊन धडकले. जागा आणि शांतिसैनिक अपुरे, वर पैशांवरून दंगल. मोहीम थांबवावी लागली, ती एप्रिल 2004 मध्ये पुन्हा सुरू झाली. माणशी 300 डॉलर ठरले होते, 150 चे दोन हप्ते. खरी गफलत निकषांत होती. बंदूक नसली तरी 150 काडतुसं दाखवून नाव लागायचं, त्यामुळे कमांडर आपल्या मर्जीतल्यांना काडतुसं वाटून रांगेत उभे करायचे आणि पैशांत वाटा घ्यायचे. नोंदणी लाखाच्या वर गेली, बंदुका जमल्या साधारण 28,000. पुढे प्रशिक्षणाला पैसा पुरेना आणि माजी सैनिक रस्त्यावर उतरले.

उत्तर २:
माझ्या मते देश टिकला तो सैन्याच्या आकारामुळे. जुनं सैन्य बरखास्त करून नवं जेमतेम 2,000 चं उभारलं, कारण पगार शेवटी लायबेरियाच्याच तिजोरीतून जायचा होता. भरतीआधी उमेदवारांचे फोटो जाहीर करून लोकांकडून तक्रारी मागवल्या. अफगाणिस्तानात कागदावर 3,00,000 चं दल होतं, पण पगार परक्यांचा आणि विमानांची देखभाल परक्या कंत्राटदारांची. ते निघाले तशी विमानं जमिनीवर बसली.
माघारही घाईची नव्हती. शांतिसेनेचे मंजूर 15,000 सैनिक टप्प्याटप्प्याने कमी केले, 2014 मध्ये इबोला आला तेव्हा कपात थांबवली. 30 जून 2016 ला सुरक्षेची सूत्रं सरकारकडे दिली, तरी थोडे सैनिक ठेवले. जानेवारी 2018 मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वेआ यांनी शपथ घेतली, मगच शांतिसेनेची मोहीम आवरली.

उत्तर ३:
पोलिसांचं विसरू नका. 2007 ते 2016 शांतिसेनेतल्या भारतीय महिला पोलिसांची सशस्त्र तुकडी मोनरोवियात रात्रीची गस्त घालत होती. राजधानीबाहेर मात्र स्थानिक पोलिसांना गाडी असली तर डिझेल नसायचं. त्यात पावसाळ्यात मातीचे रस्ते बंद, आणि ते दुरुस्त करणाऱ्या शांतिसेनेच्या अभियंता तुकड्याही निघून गेल्या. माघारीच्या आराखड्यात रस्त्यांची देखभाल कुणाच्या माथी, हे पहिल्याच पानावर लिहायला हवं.