मदत हवी आहे: हाताने गुंडाळलेली कॉइल मोजायची कशी?
गाडीत ४ ओहमचे ट्वीटर (उंच स्वरांचे छोटे स्पीकर) आहेत, त्यांना फक्त १० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर. म्हणजे कट (ज्याच्या खालचे स्वर ट्वीटरला कमी जातात ती फ्रिक्वेन्सी) साधारण ४००० हर्ट्झला, आणि त्याखाली फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की ६ डीबी घट. आवाज वाढवला की चरचरतात. म्हणून ३५०० हर्ट्झला १२ डीबी करतोय: हिशोबाने ८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ०.२५ मिलीहेन्रीची कॉइल.

सांगलीत फिरलो, तयार कॉइल मिळाली नाही. शेवटी मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची तार आणून पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर गुंडाळली. (पहिले वीस वेढे देखणे, पुढचे देवाच्या भरवशावर.)

एलसीआर मीटर (कॉइल, कपॅसिटर मोजणारा) नाही. अँप दोनच चॅनलचा, त्यामुळे अॅक्टिव्ह क्रॉसओव्हर (अँपच्या आधीच स्वर वेगळे करणं) नको. जुना १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कॉइलला पॅरलल जोडून, १० ओहमच्या रेझिस्टरमधून मोबाइलचा टोन सोडला, तर कॉइल ०.२५ मिलीहेन्रीची असल्यास ३१८० हर्ट्झच्या आसपास व्होल्टेज सर्वांत जास्त यायला हवं. पण साधा मल्टिमीटर एवढ्या फ्रिक्वेन्सीला एसी धड दाखवतो का, की दुसरी काही युक्ती आहे?