मदत हवी आहे: धारा काढणारा पगाराऐवजी वाटा मागतोय

तबेला_टिटवाळा: आमचा गडी अडून बसलाय. महिना नको म्हणतो, दुधात निम्मा वाटा द्या. रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तो गेला तर पंचाईत, म्हशी दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत नाहीत. किती वाटा देतात, लवकर सांगा.

मुरबाडकर: म्हशी कोणाच्या? पेंड-भुसा कोण आणतं? निम्मं कशाचं, दुधाचं की खर्च जाऊन उरलेल्या पैशाचं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

शेणगोठा: वाटा देऊच नका. पगार ठेवा, वर लिटरमागे पैसे द्या.

सरकीपेंड: लिटरमागे दिले की रेडकाच्या तोंडचंही काढून घेतात. आमची रेडकं अशीच खंगली.

कळवा_वाचक: न्यूझीलंडमध्ये यासाठी १९३७ पासून कायदा आहे. गायी धारा काढणाऱ्याच्या असतील तर त्याला साधारण निम्मं. मालकाच्या असतील तर त्याहून कमी.

शेणगोठा: तिथे गायी कुरणावर चरतात. इथे पेंढ्याची काडीसुद्धा विकत. कशाला तुलना?

कळवा_वाचक: चारा विकतचा असेल तर निम्मं आणखीच परवडत नाही, तेच म्हणतोय.

देशी_गाय: म्हशी काढा, गीर घ्या.

तबेला_टिटवाळा: गीर नकोय! म्हशी आमच्या. पेंड, भुसा, डॉक्टर आम्हीच बघतो. दूध रतिबाला जातं. त्याच्याकडे उचलही बाकी आहे.

मुरबाडकर: दादा, सगळा खर्च तुमचा असताना निम्मं दूध दिलंत तर पेंडीचे पैसेसुद्धा सुटायचे नाहीत. पण त्याचंही बघा. पहाटे उठून धारा, दुपारी पुन्हा धारा, शेण, सणवार काही नाही. नुसत्या वाट्यावर ठेवलंत तर म्हशी आटल्यावर तो खाणार काय? म्हैस दहा महिने गाभण असते, विण्याआधी दोनेक महिने आटवावीच लागते. तेव्हा दूध नाही, चारा मात्र चालू. म्हणून घरखर्चापुरता महिना पक्का ठेवा, वर चाऱ्याचा खर्च वजा जाता उरेल त्यात वाटा. रेडकाला किती पाजायचं, रेडी झाली तर कोणाची, हेही कागदावर घ्या. रोजचं दूध वहीत, दोघांच्या सह्या.

सरकीपेंड: रेडीत थोडा हिस्सा द्याच. मग रेडकं जगवतो.

तबेला_टिटवाळा: पटलं. उचल कशातून कापू?

मुरबाडकर: पक्क्या महिन्यातून, थोडी थोडी. वाट्यातून कापलीत तर जास्त दूध काढून त्याच्या हातात काहीच पडणार नाही.